घरची खुर्ची

प्रिय धाकटे,
खूप आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

तुझ्या भाऊजींच्या चाकाच्या खुर्चीचा अर्ज मदत केंद्रातल्या कारकुनाने चारदा परत केला. कधी सही तिरकी, कधी फोटो जुना. खुर्ची आली ती ते गेल्यावर. त्या कारकुनाला मी सोडलेलं नाही. आता रोज केंद्रातल्या बाकावर बसून येईल त्याचा अर्ज बिनचूक भरून देते. परत पाठवायला त्याला चूकच सापडत नाही.

काल म्हणाला, "आजी, बाक टोचत असेल. घरी आराम करा."

म्हटलं, "टोचतो खरा. उद्या घरची खुर्ची आणते."

आणली, चाकं ढकलत. त्याच्या खिडकीसमोर तिच्यातच बसून हे लिहितेय. मेला मान वर करत नाही.

गुडघ्याला शेक दे.
तुझी ताई