डोळे आखलेली मूर्ती

प्रिय अण्णा,

सोमवारी परदेशातल्या एका हॉस्पिटलला नोकरीसाठी हो की नाही ते कळवायचंय. उत्तर लिहिते, खोडते, उठते, पाणी पिते, परत बसते. आई म्हणाली, येरझारा घालून फरशी झिजवू नकोस. म्हणून भरदुपारी पेणच्या आपल्या कारखान्यात, तुमच्या गणपतींच्या मधोमध येऊन बसलेय. तुम्हाला नाही विचारायचं तर कुणाला विचारू?

मी बायोमेडिकल सायन्सला गेले तेव्हा तुम्ही अख्ख्या आळीला सांगून टाकलंत, मुलगी डॉक्टर होतेय. मग काय! लोक दुखरे गुडघे घेऊन दारात. मी रक्त, लघवी, पेशी तपासणार, औषध डॉक्टर देणार, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तुम्ही मात्र मिशीत हसत बसायचात.

याच पदवीवर परदेशात काम मिळतं, हेही तुम्हाला इथेच सांगितलं होतं. तुम्ही एका सोंडेवरून ओला हात फिरवत होतात. तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबना माणसं हवी असतात, पण नुसती पदवी दाखवून भागत नाही. आपण काय काय शिकलो ते तिथली नोंदणी परिषद विषयवार तपासते, लॅबमधला अनुभव बघते, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, मग कुठे नाव नोंदवतात. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "बघू."

तुमचं 'बघू' म्हणजे 'नाही', असंच मी धरून चालले. पेणच्या लॅबमध्ये नोकरी करत राहिले, कागदपत्रं गुपचूप पाठवत राहिले आणि मनातून तुमच्यावर धुसफुसत राहिले.

आणि तुम्ही? रोह्याजवळ वरसेला आत्याकडे जातो म्हणून एसटीने रोह्याला जात होतात. बहिणीची एवढी माया कधीपासून, म्हणून मी चिडवलंही होतं. तुमच्या दिवसकार्याला आत्यानेच सांगितलं, तुम्ही तिथे रक्त तपासून घ्यायला जात होतात.

"पेणला दिलं असतं तर तुझ्याच हाताखाली आलं असतं गो. म्हनला, पोरीला कळलं तर ती जायची नाय."

अर्ध्या तालुक्याचं रक्त मी तपासलं, आणि माझ्या बापाचं रक्त रोह्याला! काय म्हणू तुम्हाला, अण्णा? लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं का? हा प्रश्न मला एका जागी बसू देत नाही. मला पाठवायचंच होतं तर तोंडाने 'जा' म्हणायला काय झालं होतं? राग येतो, आणि रागवायला तुम्ही समोर नाही म्हणून आणखी राग येतो.

परवा बोटीने परदेशी जायच्या मूर्ती न्यायला टेम्पो येणार होता. रंगकाम झालेलं, डोळे तेवढे राहिलेले. ते तुम्ही दुसऱ्या कुणाला आखू द्यायचा नाहीत, आणि गाडी यायच्या आधी स्वतःही आखायचा नाहीत. डोळे आखले की मूर्ती आपली राहिली नाही, तिला कारखान्यात ठेवायचं नाही, हा तुमचा नियम. आईने कुंचला माझ्या हातात दिला. लहानपणी तुम्ही शिकवलं होतं तसा श्वास रोखला आणि रेघ ओढली. सगळ्या मूर्ती झाल्यावर मी आईला म्हणाले, मी काही जात नाही, हा हंगाम कोण बघणार?

आई कुंचला धूत होती. मान वर न करता म्हणाली, "डोळं आखलेली मूर्ती तुझ्या बापानं कधी ठेवून घेतली व्हती का गो?"

तेव्हापासून ते वाक्य घेऊन नुसती फिरतेय. आता हे लिहिता लिहिताच ठरलं. मी हो कळवतेय. घाबरलेय, पण कळवतेय.

दर गणपतीला येईन असं वचन देत नाही, रजेचं कुणी सांगावं? पण एवढं नक्की. आईचं रक्त कुठेही तपासलं तरी आधी मला कळेल, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. आणि तिकडे माझं काही दुखलंखुपलं तर मी तिला त्याच दिवशी सांगेन. तुमच्यासारखं गुपचूप रोह्याला या घरातलं आता कुणी जाणार नाही.

अजून रागावलेली,
तुमची मयूरी