अकरा-शून्य आणि डावा खांब

तीर्थरूप मामांना लांबूनच नमस्कार (जवळ असतो तर तुम्ही पाठीत रट्टा घातला असता, आणि पत्राच्या शेवटी तो मला पटलाही असता). मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमचा खोकला? माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त जगायची इच्छा उरलेली नाही.

कॉलेज अर्ध्यावर सोडून मी फुटबॉल संघटनेच्या कचेरीत का चिकटलो, ते आईने तिच्या पद्धतीने कळवलंच असेल. खरं कारण महिला संघात डाव्या बगलेवर खेळतं, आणि सरावाचं मैदान कचेरीच्या खिडकीतून दिसतं. सचिवसाहेबांनी मला प्रेक्षकांच्या सज्जाखालच्या ओलसर खोलीत देशातल्या फुटबॉलच्या इतिहासाचं दालन मांडायला बसवलं. मामा, हा इतिहास वाचून धडधाकट माणूस अंथरूण धरेल. खलाशांनी चेंडू गोदीत आणला, आपल्या हमालांनी तो हिसकावला, आणि चेंडू बराच वेळ आपल्याकडे राहिल्याचा तो शेवटचा प्रसंग. मग संघटना निघाली, ती पहिल्याच बैठकीत फुटून तिच्या दोन झाल्या. दोघींनी आपापली लीग भरवली आणि दोन्हीकडे तेच खेळाडू सदरे बदलून हरले (साहेब याला पायाभरणीचा काळ म्हणतात). पुढे परदेशी संघाशी पहिला सामना झाला. अकरा-शून्य. पण त्यात आपल्या एका गड्याचा फटका डाव्या खांबावर आदळला! तेव्हापासून विकास म्हणाल तर एवढाच, की आता आपण तीन गोलांनीच हरतो. खांबापर्यंत मात्र पुन्हा कुणी पोचलं नाही. म्हणून तो चौकोनी लाकडी खांब जपून ठेवलेला. त्यावर एक खळगा आहे (चेंडूने लाकडाला खळगा पडत नाही, असं तुम्ही सुतार म्हणून म्हणाल, इथे ते बोलायची कुणाची छाती नाही). आणि तो गडी म्हणजे तिचे आजोबा. त्यांना आता दिसत नाही. रोज सकाळी काठी टेकत येतात, खळग्यावरून अंगठा फिरवतात, "जरासा आत हवा होता," म्हणतात आणि घरी जातात.

परवा साहेब म्हणाले, "आलेल्यांना बसायला बाक कर. कोपऱ्यातलं लाकूड घे, नवीन मिळणार नाही." तेवढ्यात पहारेकऱ्याने बातमी आणली, की तिचं लग्न ठरलं. कुणाशी? गोलकीपरशी! मागच्या महिन्यात ज्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला, त्याच्याशी! माझं डोकं फिरलं. हाताला लागलं ते लाकूड ओढलं आणि तुम्ही शिकवलेल्या करवतीने सपासप कापलं. बाकाचे चारही पाय झाल्यावर राग उतरला, आणि भिंतीला टेकून वाळत ठेवलेली, मीच रंगवलेली पाटी दिसली: 'ऐतिहासिक खांब. हात लावू नये.'

ती आली, पाहिलं, आणि मट्‌कन खाली बसली. "मला काय वाटेल ते बोल," मी म्हटलं. ती म्हणाली, "मूर्खा, तुला बोलून काय होणार? उद्या आजोबा कशाला हात लावतील?" तेव्हापासून मी दाराला कुलूप घालून 'रंग ओला आहे' म्हणतो, आणि म्हातारा बाहेर उभा राहतो.

प्रेमबिम मी सोडलं. आता विरक्त आहे.

आपला अभागी भाचा

ता. क. विरक्त असलो तरी तुमच्या वखारीतून एक जुना, किडका खांब तातडीने पाठवा. खळगा छातीच्या उंचीवर, अंगठा मावेल एवढा.

ता. क. दुसरा. खांब नको. आज पाऊस होता, आजोबांना आत घ्यावं लागलं. थकून बाकावर बसले. हात खाली गेला, अंगठा बाकाच्या पायावरून फिरता फिरता खळग्यात थांबला. मग म्हणाले, "बरं केलंस. उभं राहून पाय दुखायचे."

ता. क. तिसरा. आजोबांना लग्नात वधूवरांना बसायला हाच बाक हवाय, आणि तो उचलून न्यायचं काम माझ्याकडे आलंय. त्याचा एक पाय डुगडुगतो. गोलकीपर त्याच बाजूला बसणार होता, म्हणून मी गप्प होतो. पण आत्ताच ती सांगून गेली, की तिकडे ती बसणार आहे. तेव्हा मामा, पटाशी आणि लाकूड चिकटवायचा चांगला सरस पाठवा.