सूर्याभोवतीच्या कड्यावर बदली गाळा घेण्यास संमती नसल्याबाबत

प्रति,
मा. व्यवहार्यता अधिकारी,
सूर्यवलय वसाहत प्रकल्प,
तळमजला, खोली क्र. १४.

विषय : गाळा क्र. ७ न पाडण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस व सोबतचा व्यवहार्यता अहवाल.

महोदय,

मी हातगाड्यांची चाके बनवतो. आपल्या दालनाला लागून असलेल्या गाळ्यात एकेचाळीस वर्षे हेच करतो आहे. दुसरे काम येत नाही. प्रकल्पाचा नमुना मांडायला दालन अपुरे पडते, म्हणून माझा गाळा पाडायचा व त्याबदली सूर्याभोवतीच्या वलयावर दुप्पट जागा द्यायची, असे नोटिशीत आहे. तिथे बारमाही ऊन असेल, हेही कळवले आहे. आभारी आहे.

२. मी त्रेसष्टाव्या वर्षी सुनेकडून वाचायला शिकलो. त्यामुळे अहवालाच्या एकशे बारा पानांना नऊ दिवस लागले, क्षमा असावी. पान ४१ वर लिहिले आहे की वलयाचा ताण सोसेल असा धातू अजून सापडलेला नाही. पान ४२ वर वलय 'तत्त्वतः व्यवहार्य' आहे. मधले एखादे पान शिवायचे राहिले का, ते पाहावे.

३. चाकाला आरे असतात म्हणून कडे मधोमध राहते. आपल्या कड्याला आरे नाहीत. ते जरा सरकले की जवळच्या बाजूला सूर्याची ओढ वाढेल, ओढीने आणखी सरकेल, आणि शेवटी माझ्या बदली गाळ्यासकट सूर्यावर आदळेल. अहवालातला उपाय असा, की सरकताच वरिष्ठांच्या मंजुरीने इंजिने लावून ते परत ढकलावे. आमच्या गल्लीतला नळ दोन हात सरकवण्याची मंजुरी याच इमारतीत तीन वर्षे पडून आहे. हे ऐकून आमची मंडळी म्हणाली, "आधी नळ सरकवा म्हणावं, मग सूर्याला हात लावा."

४. शंका विचारायला आलो, तेव्हा आपले लिपिक म्हणाले, "काका, चाकं ठोकणाऱ्याला यातलं काय कळणार? आत जाऊन नमुना बघा, कसा अधांतरी राहिलाय!" नमुना मी पाहिला आहे. तो मीच बनवला आहे. सात फुटी कडे दिव्याभोवती काही केल्या राहीना, तेव्हा आपल्याच हुकमाने चार तारा बांधल्या व पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून काळ्या रंगवल्या. खऱ्या सूर्याच्या वेळी त्या कशाला बांधायच्या, हे अहवालात सापडले नाही.

५. वलय तयार होऊन त्यावर कुणाचे तरी एक चाक मोडेपर्यंत मला आहे तिथेच राहू द्यावे, ही विनंती. शुक्रवारी दहा वाजता पाडकाम आहे आणि दहालाच पाहुण्यांना नमुना दाखवायचा आहे, असे फलकावर वाचले. म्हणून एक गोष्ट वेळेत कळवतो. आपल्या दालनाचे छत कड्याचे वजन पेलेना. माझ्या गाळ्याची तुळई भिंतीतून आपल्या बाजूला आली आहे, त्या चारही तारा तिला बांधल्या आहेत. शुक्रवारी दिव्याजवळ कुणी उभे राहू नये.

आपला शेजारी व नम्र अर्जदार,
(सही)
चाकवाला, गाळा क्र. ७
दि. ११, मंगळवार

सोबत : १. संमतीपत्र, कोरे. त्यावर अंगठ्याची चौकट छापली आहे. मी सही करतो.
२. काळी तार, वीतभर, उरलेली.