नवस माझा, परीक्षा तुझी

टुलारी,
२८ जून

प्रिय देल्फीना,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. तुझा बाप इतका बरा आहे की काल धार काढणाऱ्यांवर ओरडला आणि मग अर्धा तास बरगडी धरून बसला. कुत्रं बरं आहे. उकाडा तुला माहीत आहे तसाच. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी की फोनवर तू "सगळं ठीक आहे, वावो" म्हणतेस, मी तुझी आजी "बरं" म्हणते, आणि दोघी फोन ठेवतो. इतक्या सफाईनं खोटं बोलणाऱ्या दोन बायकांनी कागदावरच बोलावं. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, बेटावरच्या शाळेत मी तीनच वर्षं गेले, पण तुला ते लागेल. रविवारी चर्चमागच्या खोलीत बसवून आपली पोर्तुगीज भाषा तुला मीच शिकवली, अर्धी फळ्यावर आणि अर्धी कानाखाली.

तुझी विद्यापीठातली जागा गेली हे मला तुझ्या बापानं सांगितलं. तू त्याला सांगितलंस, मला नाही. मला फक्त म्हणालीस की टर्लॉकला आल्दाआत्याकडे जाते, तिथल्या शेडमध्ये जर्दाळू पेट्यांत भरायचं काम आहे. मी विचारलं नाही, आणि मी कधी न विचारता गप्प बसते का? त्यावरून तुला कळायला हवं होतं, पण तू माणसांत चांगलं बघणारी. हा दोष तुझ्यात आईकडून आला, आमच्याकडून नाही.

शाळा संपली ते वर्ष आठवतंय ना? तुझ्या वर्गातली ती उंच मुलगी थेट मोठ्या विद्यापीठात निघाली, तिच्या बापानं गाडीच्या मागच्या काचेवर नावासकट चिकटपट्टी लावली. आणि तू म्हणालीस, मी कापसाच्या शेतापलीकडच्या कॉलेजात जाणार. शेजारची इदालिना माझ्याच ओट्यावर बसून, माझीच कॉफी पीत म्हणाली, "म्हणजे बारावीनंतर तेरावी! पोरगी शाळेतून निघाली आणि शाळेतच गेली की गं झुल्मीरा." मला राग आला. तूच मला समजावलंस. दोन वर्षं इथे, घरी राहून. मग दोन वर्षं तिकडे, मोठ्या विद्यापीठात. पदवीवर नाव तिकडचंच. इथे कुठे शिकलीस ते त्या कागदावर येत नाही. मी म्हटलं, अगं, मग हे कालवडींसारखंच झालं. आपण वासरं दुसऱ्याच्या रानात पाठवतो, दोन वर्षं तिथे खाऊन-पिऊन वाढतात, गाभण होऊन परत येतात, आणि मग दूध आपल्या टाकीत. टाकीतल्या दुधाला कोण विचारतं, बाई तू कुठल्या रानात वाढलीस? तू इतकी हसलीस की ते म्हणे तू वर्गातही सांगितलंस. इदालिनाला मी तेच ऐकवलं, तेव्हापासून ती कॉफी तिच्याच घरी पिते.

मग कॉलेजातल्या त्या वांगबाईंनी तुला तो कागद करून दिला. वांगबाई मला सुरुवातीला पटल्या नव्हत्या. एवढीशी बाई, आवाज त्याहून एवढासा, आणि विद्यार्थ्यांना रस्ता दाखवायचा पगार घेते. पण कागद पक्का होता. चौकोन आखलेले, एकेका चौकोनात एकेक विषय: इथे हा शिकलीस तर तिकडे चालतो, तो शिकलीस तर वाया. कितीतरी पोरं म्हणे मनाला येईल ते विषय घेतात आणि दोन वर्षांनी कळतं की तिकडे अर्धे मोजलेच जात नाहीत. तू तो फ्रिजवर गाईच्या चुंबकाखाली लावलास. दोन चौकोन आधीच खोडलेले होते, तू शाळेत असताना कॉलेजचे मास्तर येऊन शिकवायचे ते. बाकीचे एकेक करून खोडत गेलीस. मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण दूध काढायला दार उघडलं की रेघा मोजायचे. या एप्रिलमध्ये एकच चौकोन उरला, संख्याशास्त्र. आणि तिकडून उत्तर आलं, जागा दिली, अट एवढीच की तो उरलेला विषय बऱ्या मार्कांनी पास हो. शिकायचं काय, तर पशुविज्ञान. मी म्हटलं, घरात सातशे गाई असताना गाय शिकायला तीन तास लांब जायचं? तू म्हणालीस, "वावो, तू गाईला शिव्या देतेस, मी तिचं रक्त तपासणार." तुझा बाप तेव्हा काठी घेऊन चालत होता, तरी हसला.

ती काठी जानेवारीतली. गाईनं त्याला लोखंडी गजांवर दाबलं, पोटातली पानथरी फुटली, आणि इस्पितळातला डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता. तुझी आई याच इस्पितळातून परत आली नाही, तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मी तिथल्या बाकावर बसून पवित्र आत्म्याला नवस बोलले. हा माणूस पायांवर चालत घरी आला तर पेंटेकॉस्टच्या, त्याच्या सणाच्या, आधीचा आठवडा त्याचा चांदीचा मुकुट माझ्या घरी बसेल, रोज संध्याकाळी सगळ्या गावासाठी जपमाळ होईल, रविवारी सगळ्यांना सोपाश, पावावर मांसाचा रस्सा, जेवायला घालीन, आणि माझी नात सणाची राणी होऊन मुकुट चर्चमध्ये नेईल. आता बघ, नवस बोलताना मी स्वतःचं काही देऊ केलं नाही. गुडघ्यावर चालत जाईन म्हटलं नाही, कॉफी सोडीन म्हटलं नाही. तुझं डोकं आणि तुझे खांदे देऊ केले. तुला विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं, आणि तू म्हणालीस, "बाबा आहेत ना, मग झालं."

सात आठवडे तू ती मखमलीची झूल अंगावर घेऊन गावोगावच्या सणांना फिरलीस. बापाच्या वाटची पहाटेची धार काढायचीस, दिवसा कॉलेज, रविवारी राणी. संख्याशास्त्राचा वर्ग मंगळवार-गुरुवार संध्याकाळी, जपमाळही संध्याकाळी. ते तू कसं जुळवलंस मला माहीत नाही, पण जुळवलंस. शेवटचा आठवडा मुकुट आपल्या बैठकीच्या खोलीत आला आणि त्याच आठवड्यात गुरुवारी, ऐन जपमाळेच्या वेळी, तुझी परीक्षा. तू सोमवारी मास्तरांना लिहिलंस, मला दुसरी वेळ द्याल का. मंगळवारी उत्तर नाही. आणि बुधवारी मी तुझा फोन काढून घेतला. मुकुट घरात असताना राणीनं जिथे-तिथे तो उजेड तोंडावर पाडून बसायचं नाही, हा माझा नियम, पवित्र आत्म्याचा नाही. पिठाच्या खणात ठेवला. तू दोनदा म्हणालीस, "वावो, एकदाच बघू दे, मास्तरांचं उत्तर आलं असेल." मी म्हटलं, "राणी आहेस का टेलिफोन ऑफिस?" बायका हसल्या. तूही हसलीस. गुरुवारी संध्याकाळी तू मुकुटासमोर बसून जपमाळ चालवलीस आणि एक अक्षर चुकली नाहीस.

रविवार चांगला झाला. ते मी कबूल करते. तुझ्या डोक्यावर मुकुट ठेवला तेव्हा इदालिनासुद्धा रडली, आणि ती तर नवऱ्याच्या मातीला रडली नव्हती. मग सोमवारी तू फोन चालू केलास. स्वयंपाकघरात उभी राहून वाचलंस आणि खुर्चीवर बसलीस. मास्तरांनी उत्तर दिलं होतं, गुरुवारी दुपारी. दुसऱ्या वर्गाची परीक्षा शुक्रवारी सकाळी आहे, तिच्यात बस. तू बापाला म्हणालीस, माझीच चूक, मी फोन मागून घ्यायला हवा होता. तू कॉलेजात गेलीस, मास्तर म्हणाले आता मार्क देऊन झाले, विषय नापास. वांगबाई म्हणाल्या, मास्तरांनी मला कळवलं होतं, तुझा फोन लागेना म्हणून मी घरच्या फोनवरही केला होता गं, कुणीतरी उचलला होता. आणि तू घरी येऊन हे बापाला सांगत होतीस, मी तिथेच कोबी चिरत होते, तू म्हणालीस, "ती वावो असणार. त्यांना काय माहीत, वावोला इंग्रजी येत नाही."

देल्फीना, मी चाळीस वर्षं पीचच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी होते. मुकादम इंग्रजीत बोलायचा. मला भाषण देता येत नाही, पण वार मला येतात, वेळा येतात, आकडे येतात, शिव्या तर सगळ्या येतात. येत नाही असं सगळे समजतात, आणि ते मला सोयीचं पडतं. दारावर येणारे विक्रेते लवकर जातात. गुरुवारी दुपारी तीनला फोन वाजला. वांगबाई सावकाश बोलल्या, मुलाशी बोलावं तशा. फ्रायडे. एट ओ'क्लॉक. रूम ट्वेल्व्ह. टेल डेल्फीना. मी म्हटलं, येस, येस, आणि फोन ठेवला. तू पलीकडच्या खोलीत मुकुटाभोवती फुलं लावत होतीस. बारा पावलं असतील. शुक्रवारी सकाळी मांस यायचं होतं, तीस बायका यायच्या होत्या, आणि मला वाटलं की राणीनं नवसाचं काम मध्येच सोडलं तर वरचा आपलं दिलेलं परत घेईल. असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं हे की तीन तास लांबचं ते विद्यापीठ मला नको होतं. कालवड परत येते म्हणून आपण ती पाठवतो. तू परत येशील असं मला वाटत नव्हतं. शुक्रवारी आठ वाजता मी घड्याळाकडे बघितलं. तू अंगणातल्या टेबलाशी बसून पुदिना निवडत होतीस. साडेआठला पुन्हा बघितलं, तू तिथेच होतीस.

आता हे का लिहिते ते. काल मी इदालिनाला गाडी काढायला लावली आणि कॉलेजात गेले. वांगबाईंसमोर बसले आणि जेवढं इंग्रजी येतं तेवढ्यात सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवून पाणी दिलं, जसं काही मी रडणार होते. त्या म्हणाल्या, विद्यापीठाकडे अपील करता येतं, पंधरा जुलैपर्यंत. ते विद्यार्थ्यानंच करायचं, दुसऱ्यानं नाही, आणि कारणाला पुरावा हवा. "घरचं काम होतं" एवढं लिहून ते मानत नाहीत. म्हणून मी माझ्या हातानं एक पान लिहून दिलं, गुरुवारचा फोन कुणी घेतला आणि निरोप कुणी दाबला ते. तिथल्या पोर्तुगीज शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याचं इंग्रजी केलं, खाली मी सही केली, बेटावर शिकवली तशी पूर्ण नावाची. वांगबाईंनी फोन केल्याची वेळ लिहून स्वतःचं पान जोडलं. दोन्ही पानं या पाकिटात आहेत. ते हो म्हणतील असं कुणी सांगत नाही. नाही म्हणाले तर तो विषय ऑगस्टमध्ये पुन्हा इथेच घ्यायचा, आणि तिकडे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. बाकीच्या रेघा पुसल्या जात नाहीत म्हणे, मी दोनदा विचारून घेतलं. तू माझी लाज राखायला माझं पान अपिलाबाहेर ठेवशील, मला माहीत आहे. ठेवू नकोस. नवस माझा होता, फेडणारी मी आहे, फक्त जरा उशिरा. माफी मागत नाही, कारण मागितली तर तू लगेच देशील आणि मग अपील करायचं तसंच राहून जाईल. आधी सही कर, पाकीट टाक, मग काय शिव्या द्यायच्या त्या घरच्या फोनवर दे. मीच उचलीन.

तुझीच,
इंग्रजी येणारी वावो,
झुल्मीरा