माझं ‘तापमान’ आणि शुक्रवारचा रीबिल्ड

५ मे, सोमवार
शिरोलीच्या ऑफिसात मीटिंग. फरहीन, दिवाळीनंतर लागलेली पोरगी, म्हणाली की कोडचा चालता प्रोग्रॅम करणारा कंपायलर शुक्रवारी बदलतोय. आणि आता ज्या सॉफ्टवेअर पॅकेजांना तो लागतो, ती सगळी आपोआप परत बिल्ड होणार, म्हणजे नव्यानं तयार होणार. आजवर बिल्डची हत्यारं बदलली तरी आपली सिस्टीम ते हिशेबातच धरत नव्हती म्हणे. पहिली टाळी मीच वाजवली. मग आठवलं.

माझं ‘तापमान’ पॅकेज! फाउंड्रीतल्या भट्टीचा आकडा स्क्रीनवर दाखवणारं. ते फक्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बिल्ड होतंय. का, ते मलाबी माहीत न्हाय. भारी काम असंच असतंय.

संकल्प: उद्या शांत डोक्यानं कारण शोधणे.

६ मे, मंगळवार
कारण शोधलं न्हाय. आधी तत्त्व पक्कं पाहिजे. आईला विचारलं, मिरची तीच, मसाला तोच, नुसता कुटायचा डंक बदलला तर चटणी परत कुटायची काय गरज? आई म्हणाली, व्हय की, गरज हायच. गेल्या साली चटणीला लोखंडाचा वास येत होता. डंकवाल्यानं मुसळं बदलल्यावर तिनं जुनी टाकून सगळी नवी कुटून आणली, आणि मी ती चाटूनपुसून खाल्ली.

आईला सॉफ्टवेअरमधलं काय कळतंय!

७ मे, बुधवार
फरहीन चहाला गेल्यावर तिच्या मशीनवर, नवीन कंपायलर तिथं आधीच हाय, गुपचूप ‘तापमान’ बिल्ड करून बघितलं. एररच एरर. स्क्रीन लाल. घाबरून विंडो बंद केली.

निष्कर्ष: नवीन कंपायलर भिकार आहे.

८ मे, गुरुवार
सगळ्यांना कडक मेल टाकला. ‘तापमान’ला कुणी हात लावला, तर भट्टीची जबाबदारी माझी न्हाय. एकाचंबी उत्तर आलं न्हाय. टरकलेत सगळे.

जेवताना आमचे मालक दस्तगीरसाहेब थेट माझ्याकडं आले. म्हटलं, नोकरी गेली! त्यांनी ठेचा मागितला. मला गाफील ठेवायला, दुसरं काय.

संकल्प: उद्या आजारी पडणे.

९ मे, शुक्रवार
आजारी पडायचं धाडस झालं न्हाय. गेलो. रीबिल्ड झाला, सगळं हिरवं. पण यादीत ‘तापमान’ कुठंच न्हाय! फरहीनला विचारलं. ती म्हणाली, सम्राटदादा, जी पॅकेजं कुणाला तरी लागतात, त्यांचाच रीबिल्ड होतोय. फाउंड्रीवाल्यांनी केव्हाच नवीन मीटर बसवलंय, आकडा तिकडनंच येतोय. तुमचं कुणालाच लागत न्हाय. काढून टाकू का?

अगदी गोड आवाजात विचारलं. मी म्हटलं, काढ की.

माझा मेल? तो तिनं बघितलाच नव्हता. साहेबांनीबी न्हाय. मग सगळे मिसळ खायला गेले.

आता खरी भीती वाटाय लागलीय. पॅकेज फुटलं असतं तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी शिव्या तरी दिल्या असत्या.