दहा वाजता मोकळं आहे

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे लोक विचारतील की हे सुचलं कसं, तेव्हा हाताशी असलेली बरी.
ऑफिस सुटलं ते बरंच झालं. सोडा असं ते म्हणाले, पण विचार माझ्या मनात आधीपासून होता. तिथला कोड आठवला की अजून किळस येते. कुठलंही व्हेरिएबल, म्हणजे साठवलेली किंमत, कुणीही येऊन बदलून जायचा. जणू सगळ्या घरात मिळून एकच टॉवेल.
हिच्या दातांच्या दवाखान्यात एकच खुर्ची. अपॉइंटमेंट भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर. रिसेप्शनवाल्या ताई मार्करने लिहितात आणि बाहीने पुसतात. शी!
ही म्हणाली, पेशंट आत्ता कुठे टिकायला लागलेत, दोघांना एकच वेळ दिली गेली तर दोघंही जातील. सॉफ्टवेअर करतोस, की विकतचं घेऊ? विकतचं! मी घरात असताना!

३ मार्च
ठरलं. इंटरव्हल ट्री, म्हणजे वेळांचं झाड. प्रत्येक अपॉइंटमेंटला सुरुवात आणि शेवट. प्रत्येक फांदीवर, तिच्याखाली सगळ्यात उशिरा काय संपतं तेही लिहून ठेवायचं. मग नवी वेळ कुणाच्या अंगावर येते का, हे झाड क्षणात सांगतं.
आणि प्रोग्राम शुद्ध फंक्शनल भाषेत. इथे एकदा झालेलं झाड कधी बदलत नाही. नवी अपॉइंटमेंट घातली की नवंच झाड हातात मिळतं, जुन्याला बोटसुद्धा लागत नाही. किती स्वच्छ!
मेहुणा जेवायला आला होता. म्हणाला, दिवसाला पंधरा पेशंट, एक्सेलमध्ये होईल की. गाढवाला गुळाची चव काय. माझं जेवणावरचं मन उडालं.

६ मार्च
संकल्प : पहाटे पाचला उठून काम. उठलो साडेनऊला. पण झोपेत डिझाइन चालूच होतं.

७ मार्च
झाड एका बाजूला कलतंय. दिवसभर त्याचा तोल सावरला. संध्याकाळी माझा गेला. ही म्हणाली, बेसिन तुंबलंय, जरा बघ. त्या घाणीत हात घालायचा? मी म्हटलं, मी मूलभूत काम करतोय. तिनेच हात घातला.

८ मार्च, रविवार
झालं!! एका झटक्यात कंपाइल. म्हणजे जवळजवळ. insert, म्हणजे अपॉइंटमेंट घालणारी आज्ञा, तिच्यातून आलेलं झाड कुणी घेतलंच नाही, अशी कोड तपासणाऱ्या कंपाइलरची कुरकुर चालली होती. उंटावरचा शहाणा. त्या ओळीपुढे ignore, म्हणजे दुर्लक्ष कर, असं लिहिलं, गप्प बसला.
टेस्ट लिहिल्या नाहीत. डेटाचे टाइप जुळले की कोड बरोबरच असतो. टेस्ट हा स्वतःवर विश्वास नसलेल्यांचा आजार आहे.

९ मार्च
या आठवड्यापुरता बोर्ड. सोळा तारखेपासूनच्या सगळ्या अपॉइंटमेंट झाडात. दिवसाची यादी दाखवणारा स्क्रीन सावकाश करू, आधी पाया. पेशंटला वेळेचा मेसेज जातो, तेवढं पुरे.
रिसेप्शनवाल्या ताईंना झाड समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

११ मार्च
वेळा देताना एकही टक्कर नाही! बोर्डावर रोज दोन-तीन व्हायच्या. ताई म्हणाल्या, दादा, हे कधीही विचारा, मोकळंच म्हणतंय. मी म्हटलं, यालाच कार्यक्षमता म्हणतात. काही चांगलं चाललं की लोकांना लगेच संशय. वीट आलाय मला या वृत्तीचा.

१२ मार्च
ताई पुन्हा. सोमवारी सकाळी दहाची वेळ बऱ्याच जणांना दिल्यासारखी वाटतेय म्हणे. वाटतेय! यांच्या वाटण्यावर विश्वास ठेवायचा की गणितावर?
हिने मात्र शांतपणे विचारलं, नक्की ना? नक्की, म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार दिवसांनी. म्हणाली, मग विकतवाल्याला मी नको म्हणून कळवते. खूप बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार
दवाखाना बंद झाल्यावर बोर्ड उतरवला, पुसून माळ्यावर टाकला. हाताला मार्करची काळी शाई. साबण लावून लावून हात धुतले. हा अध्याय संपला.

१६ मार्च, सकाळी १०.२०
दवाखान्याच्या बाथरूममधून लिहितोय. बाहेर दहाच्या वेळेचे अकरा जण. दहा ही वेळ सगळ्यांनाच सोयीची पडते, हे कुणी मला सांगायला नको? एक आजोबा गाल धरून जिन्यात बसलेत. एक बाई आपला मेसेज सगळ्यांना दाखवत फिरतेय. लोकांना शिस्त म्हणून नाही.

१०.४५
कोड उघडून पाहिला. insert दर वेळी नवं झाड देत होतं. मी ते दर वेळी ignore करून टाकून देत होतो, आणि मोकळं आहे का, हे जुन्यालाच विचारत होतो. पहिल्या दिवशीच्या. रिकाम्या.
सिद्धांताला मात्र कुठेही धक्का नाही. जुनं झाड खरोखरच बदललं नाही.
कुणीतरी दार वाजवतंय. ही नसावी.

१७ मार्च
हीच होती.
बोर्ड परत भिंतीवर. खिळा मीच ठोकला, वाकडा गेला. अकरांपैकी चौघं निघून गेले, आजोबासुद्धा. उरलेल्यांची ही हात जोडून माफी मागत होती आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन उभा. मेहुणा आला, पण हसला नाही. ते जास्त लागलं. आजवर सगळ्यांची शिसारी यायची, आज माझीच आली. लिहायला हरकत नाही, वाचणार कोण?
ही कालपासून बोललेली नाही. दुपारी धीर करून विचारलं, तुझ्याशी जरा बोलायचं होतं, कधी मोकळी आहेस? मार्करचं टोपण लावत म्हणाली, तुझ्या झाडाला विचार.
विचारलं.
दिवसभर मोकळी आहे म्हणालं.