जत्रेची रजा

मलकापूर,
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

प्रिय क्रांतीताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. चारुलताचा गुडघा दुखतो, पण ती विचारू देत नाही. तुझी राखी वेळेवर पोहोचली. अजून पाकिटातच आहे. फोनवर ‘बांधली’ म्हणालो ते खरं नव्हतं.

फोनवर मला सहज खोटं बोलता येतं, हे या वर्षात कळलं. म्हणून लिहितो आहे.

पाणी उतरलं. वीटभट्टीवरच्या बावीसच्या बावीस झोपड्या गेल्या. माणसं वाचली. सगळी शाळेच्या दोन वर्गांत आहेत. किल्ली माझ्याकडे होती, मी दार उघडलं, एवढंच माझं काम. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून गायरान दिसतं. तुमच्या समितीने या लोकांच्या घरांसाठी मागितलेलं तेच. उंचावर आहे. पुराच्या दिवशीही तिथे गुरं चरत होती.

पुढचं तुला बरंचसं माहीत आहे. तरी क्रमाने लिहितो. सुनावणीत क्रमच लागेल.

२०१९च्या पुरानंतर तू सांगलीहून गावात येऊ लागलीस. भट्टीवरची माणसं विजापूरकडून येऊन पंधरा वर्षं झाली होती आणि एकाचंही नाव मतदार यादीत नव्हतं. ‘मत नाही म्हणून यांचं पाणी कुणाला दिसत नाही,’ असं तू म्हणायचीस. यादीचं काम माझ्याकडे होतं. एक्केचाळीस अर्ज मीच भरून घेतले. नावं लागली. यंदा मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीला भट्टीवरची हरणाबाई उभी राहिली. छाननीत तिचं नाव यादीत सापडलं नाही. बाकीची चाळीसही नव्हती. अर्ज पाच मिनिटांत बाद झाला. गावपुढारी हंबीररावांचा माणूस बिनविरोध आला आणि गायरानाचा विषय ग्रामसभेपुढे आलाच नाही.

तू फोन केलास. “सुमंत, नावं गेली कुठं?” मी म्हणालो, “यादी वरूनच तशी आली.”

वरून आली नव्हती. नावं माझ्या अहवालावरून गेली.

जानेवारीत ती माणसं देवीच्या जत्रेला गेली. दर वर्षी जातात. जाण्याआधी हरणाबाई शाळेत आली आणि चौदा मुलांची रजा मागून गेली. मी दिली. दुसऱ्या दिवशी हंबीरराव मला भट्टीवर घेऊन गेले. दारांना तारा गुंडाळलेल्या होत्या.

“गुर्जी, दारं बंद हाईत का न्हाईत?”

“आहेत.”

“मग बंद हाईत आसं लिव्हा की. खोटं लिव्हा म्हणतोय व्हय मी?”

मी पंचनामा लिहिला. घरे बंद, रहिवासी स्थलांतरित. पंच म्हणून त्यांच्या दोन पुतण्यांनी सह्या केल्या. लिहिताना मला एका चुलीशेजारी सरपण रचून ठेवलेलं दिसत होतं. गाव सोडून जाणारा माणूस सरपण रचून जात नाही. दारांवर नोटिसा चिकटवल्या. हरकतीला सात दिवस. अठरा तारखेला मुदत संपली आणि मी अहवाल दिला. एकोणीस तारखेला माणसं परत आली.

त्यांनी नोटिसा पाहिल्या नाहीत. अठराच्या संध्याकाळी मी जाऊन सगळ्या खरवडून काढल्या होत्या. ते कुणी सांगितलं नव्हतं.

हंबीररावांनी बदलीची धमकी दिली असेल, असं तुला वाटेल. दिली असती तर सांगायला सोपं गेलं असतं. काहीच म्हणाले नाहीत. मात्र डिसेंबरात देवळापुढच्या सभेत तू म्हणाली होतीस, “कागदाचं सुमंत बघेल. तो माझ्या शब्दाबाहेर नाही.” लोक हसले. प्रेमाने हसले असतील. नंतर पारावर हंबीररावांनी विचारलं, “काय गुर्जी, बहीण सांगल तिकडं सही व्हय?” मीही हसलो. लहानपणापासून अण्णांकडून हेच ऐकत आलो. ताईसारखा हो. भट्टीवर पेन काढलं तेव्हा एवढंच वाटलं, की ही सही तू सांगितलेली नाही.

एवढ्यासाठी एक्केचाळीस माणसं. लिहिल्यावर ते आणखी लहान दिसतं.

काल वर्गात हरणाबाईने मला चहा दिला. शाळेच्याच पातेल्यात, खिचडीच्या चुलीवर केलेला. मी नको म्हणत होतो.

“घ्या वो गुर्जी. तुमी व्हता म्हणून दार उगडलं. दुसऱ्यानं आमाला उबं केलं नसतं.”

मग नावांचा विषय तिनेच काढला. “आमचंच चुकलं बगा. आईची जत्रा काय, फुडल्या सालीबी आली असती. एक साल गेलो नसतो तर नावं ऱ्हायली असती.”

मी चहा प्यालो. आज शनिवारची सकाळची शाळाही नाही, उजाडल्यापासून हे पत्र लिहितो आहे.

सोबत जानेवारीच्या हजेरीपत्रकाची साक्षांकित प्रत आहे. दहा ते अठरा, चौदा नावांपुढे माझ्या अक्षरात ‘रजा, जत्रा’. वीस तारखेला सगळी हजर. पंचनाम्याची प्रत तुझ्याकडे आहेच. अक्षर एकच, पेनही तेच. माणसं गाव सोडून गेली नव्हती हे मला माहीत होतं, हे दोन्ही शेजारी ठेवलं की कुणालाही कळेल. निवृत्तीला चौदा महिने आहेत. चारुलताला सांगितलं. ती म्हणाली, “पाकिटाला तिकीट नीट लावा.”

दोन सप्टेंबरला तहसीलमध्ये नावांच्या सुनावणीला मी स्वतः येईन. साहेबांची भीती वाटत नाही. हरणाबाई समोर बसलेली असेल. जत्रेला जाण्यात तिची चूक नव्हती, हे मला तिच्या देखत सांगायचं आहे. तू तिला आधी काही सांगू नकोस.

राखी खिशात आणीन. पुढचं तू ठरव.

हे पत्रही पुराव्यात लाव, पारावरच्या त्या बोलण्यासकट. म्हणून ‘तुझा’ न लिहिता पूर्ण सही करतो.

सुमंत रघुनाथ केळकर
मुख्याध्यापक, तथा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी